आतून कडी लागणारी खोली

संडास हा शब्द वाचून ज्यांचं नाक वर जातं त्यांनी हे पान इथेच उलटावं. पुढे तोच विषय आहे, आणि सुंदरा सोनावळेची गोष्ट त्याला वगळून सांगता येत नाही. तिच्या निवृत्तीच्या सत्कारात एका वक्त्याने तसा प्रयत्न केला होता. "ग्रामीण जीवनाच्या एका नाजूक अंगाचा बाईंनी अभ्यास केला," असं तो गुळमुळीत बोलला. मागच्या रांगेतल्यांना वाटलं, बाईंनी लावणीवर प्रबंध लिहिला.

लावणी नव्हे. संडास.

सुंदरा उंचीने बेताची, आवाजाने मोठी. तिला एक खोड आहे, अजून गेलेली नाही. कुठे काही नवं बांधलेलं दिसलं की ती सरळ आत शिरते, भिंतींवरून हात फिरवते आणि विचारते, "हे वापरतं कोण?" उद्घाटनाची फीत अजून कापायची असली तरी विचारते. त्यामुळे तालुक्यातले पुढारी तिला आमंत्रण देतात आणि ती येऊ नये अशी आशा करतात.

हा प्रश्न मुळात तिचा नाही, तिच्या आईचा. येसूबाईचा.

कुंभिवलीला मुंबई-पुणे रस्ता सोडून डोंगराच्या अंगाने आत गेलं की बोरघोळ लागतं. मधोमध शेतकऱ्यांची घरं, त्यांचा सरपंच बुधाजी. आणि ओढ्याच्या अलीकडे बुद्धवाडी. सुंदराचा बाप पोपट रेल्वेत गँगमन होता, कर्जतच्या वर घाटात. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्याने घरातले देव बाहेर काढले आणि मुलीला शाळेत घातलं. दोन्ही कामं त्याने एकाच आठवड्यात उरकली, म्हणून दोन्हींबद्दल सासुरवाडीचा एकदमच ओरडा खाल्ला.

मुलगी शिकत गेली. बी.ए. झाली, खोपोलीला शाळेत शिकवायला लागली. मग मुंबईला विद्यापीठात लोकप्रशासनाचे नोकरदारांसाठी शनिवार-रविवारचे एम.ए.चे वर्ग निघाले तेव्हा तिथेही जाऊन बसली. बोरघोळला याचा काही अर्थ लागेना. बुधाजीने तिला पारावर थांबवून विचारलं.

"म्हंजे तू कलेक्टर व्हनार का गं?"

"नाय काका."

"मग मामलेदार?"

"नाय."

"मग शिकतीस तरी काय?"

"सरकार एखादी गोष्ट का ठरवतं, कशी करतं, आणि ती का फसते, ते."

बुधाजीने विडी विझवली. "आगं, ते तर मला हितं बसल्या बसल्या ठावं हाय. त्याला परीक्षा कशापायी?"

आता संडासांकडे येऊ. आणीबाणीच्या आधी केव्हातरी सरकारने गावाला संडास द्यायचं ठरवलं. योजना मोठी चांगली होती, कागदावर. अनुदान टप्प्याटप्प्याने मिळायचं: भिंती झाल्या की एक हप्ता, छप्पर झालं की दुसरा, दार बसलं की तिसरा. साहेब यायचे ते दारं मोजून जायचे. खड्डा जमिनीखाली, तो कोण मोजणार? त्यामुळे बोरघोळला भिंती आल्या, छपरं आली, आतून कडी लागणारी सुरेख दारं आली. सिमेंटची भांडीही बसली. खाली मात्र नुसता मुरूम. खड्डा पुढच्या वर्षी, असं ठरलं, आणि पुढचं वर्ष काही आलं नाही.

येसूबाईने हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. भिंतीची आखणी करणाऱ्या साहेबाला तिने विचारलं होतं, "हे वापरनार कोन?"

"तुम्हीच की, मावशी."

"आन् पानी?"

"विहिरीचं."

"हिरीवरनं कोन आननार?"

साहेब डोंगराकडे बघायला लागला.

"मीच ना?" येसूबाई म्हणाली. "म्हंजे ह्यांनी आत बसायचं आन् मी ह्यांच्या मागं हंडे व्हायचे. त्यापरीस वढा काय वाईट हाय? पानी तितंच हाय."

गावाने त्या खोल्या फुकट घालवल्या नाहीत. कुणी गोवऱ्या रचल्या, कुणी कांदे पसरले, कुणी शेळीची करडं कोंडली. सरपंचाच्या घरी बुधाजीची बायको गंगाबाई सुनेवर रुसली की तिथे जाऊन कडी लावून बसायची. आणि बुद्धवाडीत मंजूर झालेल्यांपैकी बांधून झालेला एकुलता एक संडास सोनावळ्यांचा. त्यात सुंदरा एम.ए. करत होती.

खरंच करत होती. घर दोन खोल्यांचं. बाप रात्रपाळी करून दिवसा घोरायचा, भावाची पोरं कोकलायची, आई बोलायची. दार लावून बसता येईल अशी आख्ख्या घरात जागाच नव्हती. सुंदराने भांड्यावर फळी टाकली, फळीवर पाट ठेवला, खिळ्याला बापाचा रेल्वेचा कंदील टांगला आणि आतून कडी घातली. एवढी शांतता तिला विद्यापीठाच्या वाचनालयातही मिळाली नव्हती. येसूबाईनेही जागेचा फायदा घेतला. प्रबंध शेवटच्या पानांवर आला तेव्हा तिची ठिपक्यांची कोंबडी रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसायची झाली, घरात मुंगसाचं भय, म्हणून तिने अंड्यांची टोपली नेऊन संडासाच्या कोपऱ्यात ठेवली. दोघी एकदमच बसल्या. एक अंड्यांवर, एक प्रबंधावर. सुंदरा मोठ्याने वाचायला लागली की कोंबडी गुरगुरायची, एवढाच काय तो मतभेद.

प्रबंधाचा विषय: आपल्या गावातले संडास. दारोदार फिरून तिने कुणाच्या संडासात काय आहे याचा तक्ता केला. गोवऱ्या, कांदे, करडं, रुसवा, सगळं त्यात आलं. फक्त एक घर आलं नाही, तिचं स्वतःचं. आपणच आपला अभ्यास करू नये, असं तिने मनाला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. तिच्या मार्गदर्शक कर्णिकबाई तिच्या वळणदार अक्षराचं वर्गात कौतुक करायच्या. ते अक्षर कुठे बसून काढलंय हे त्यांना कळू नये, एवढंच.

प्रबंध गेला बाहेरच्या परीक्षकाकडे. डॉक्टर माईणकर. हे गृहस्थ ज्या समितीने ती योजना आखली त्या समितीवर होते. सुंदराचा निष्कर्ष होता: दारं सगळी उभी, वापर शून्य. त्यांनी तो दोनच दिवसांत वाचला आणि कर्णिकबाईंना फोन केला. "शून्य? एक नाही, दोन नाही, शून्य? ही मुलगी घरात बसून आकडे लिहिते. मी स्वतः येऊन बघणार. खोटं निघालं तर पदवी विसरा."

घरात बसून लिहिते, हे तसं खरंच होतं. पण कुठल्या घरात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सुंदराने आईला सांगितलं, "आये, रविवारी साहेब येनार हायत संडास बघायला. त्यांच्या मनासारखं झालं तर मी पास. न्हाईतर समदं वाया."

बास, एवढंच सांगितलं. चूक इथे झाली. लोकप्रशासन शिकलेल्या बाईने निदान एवढं ओळखायला हवं होतं की गावात 'साहेब येणार' या दोन शब्दांचा अर्थ एकच होतो. येसूबाईने ते विहिरीवर सांगितलं, विहिरीवरून ते गंगाबाईकडे गेलं, गंगाबाईकडून बुधाजीकडे. बुधाजीने पारावर माणसं बोलावली. पोर गावची आहे, मग ती कुठल्या का वाडीची असेना. साहेब खूश झाला पाहिजे.

रविवारी सुंदरा सकाळपासून कुंभिवलीच्या फाट्यावर उभी होती. एस.टी.तून आधी कर्णिकबाई उतरल्या, जाड चष्मा, जाड पिशवी. मागून माईणकर, पांढरी पँट, पांढरे बूट. आणि फाट्यावर त्यांच्यासाठी बैलगाडी हजर. बैलांच्या शिंगांना रंग.

"हे कुणी सांगितलं?" सुंदराने गाडीवानाला विचारलं.

"सरपंच बोललं. आजून लय हाय, बग तर खरी."

लय होतं. पहिल्याच घराच्या संडासाला आंब्याचे डहाळे बांधलेले. दाराशी रांगोळी. आत कालपर्यंत कांदे होते तिथे चुन्याने रंगवलेल्या भिंती, आणि भांडं पाण्याने लखलखीत. सुंदराने वाकून कोपऱ्यात कांदे शोधले, एकही दिसेना. माईणकरांच्या चेहऱ्यावर मात्र पहाट उजाडली.

"वापरता का हो हे?" त्यांनी विचारलं.

गंगाबाई पदर सावरून पुढे झाली. "वापरतो म्हंजे? सकाळ-संध्याकाळ जातो. कवाकवा दुपारी बी."

तिच्या शेजारचा म्हातारा चंदर मागे राहीना. "सायेब, आता रानात गेलो तरी तितं मन लागत न्हाय. परत पळत येतो."

"आणि पाहुणे आले की?"

"आदी तितंच बसवतो," चंदर म्हणाला. "मग च्या."

चहा मात्र खरा होता. प्रत्येक घरी. गवती चहा, गूळ घातलेला, पितळीत ओतलेला. एका घरचा घेतला आणि दुसऱ्या घरचा नाही, असं करून चालणार होतं थोडंच? माईणकर पीत गेले. घराघरात त्यांची छाती रुंदावत गेली.

सुंदराने बुधाजीला आंब्याखाली गाठलं. "काका, हे काय केलंत?"

"आगं, तुज्यापायी आख्खा गाव राबलाय रातसार. सायेब हसतोय का न्हाय बग. तू पास!"

"आवो, मी लिवलंय कोनी वापरत न्हाय म्हनून!"

बुधाजीने टोपी मागे सारली. "आसं कशाला लिवलंस? गावाची अब्रू हाय का न्हाय काय?"

ज्या माणसांनी तिच्यासाठी रात्रभर गोवऱ्या उपसल्या, त्यांनाच साहेबासमोर खोटं पाडायचं? आणि नाही पाडलं, तर ती स्वतः खोटी. सुंदरा दात-ओठ खात उभी राहिली. एवढ्यात माईणकर तिच्याकडे वळले.

"कुमारी सोनावळे, तुमच्या प्रबंधातला एक शब्द खरा नाही. मी उद्याच तसं लिहून देणार आहे."

कर्णिकबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सुंदरा," त्या हळूच म्हणाल्या, "तू मला फसवलंस का गं?"

हे जास्त लागलं. समोर गंगाबाई कौतुकाने तिच्याकडे बघून मान डोलावत होती.

आता एवढा चहा माणूस कुठवर धरून ठेवणार? माईणकर थोडा वेळ एका पायावर, थोडा वेळ दुसऱ्या पायावर उभे राहिले. मग बुधाजीला म्हणाले, "सरपंच, जरा... वापरून बघू म्हणतो."

खाली मुरूम होता हे सगळ्यांना माहीत. पण बुधाजी काही कच्चा नव्हता. त्याने दार उघडलं आणि हात जोडले. भांड्यावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, फोडलेला नारळ. बोरघोळला नवी गाडी आली, नांगर आला, पंप आला की पूजा होते. मग संडासाचीच का नाही? रात्री सगळं घासून पुसून झाल्यावर बायकांनी पूजाही करून टाकली होती.

"सायेब, आज पूजा झालीया. आज कसं चालंल?"

माईणकर संस्कारी माणूस. कुंकवावर कसं बसणार? ते दुसऱ्या घरी गेले. तिथेही झेंडू. तिसऱ्या घरी तर उदबत्ती अजून जळत होती. माईणकरांची चाल आखूड होत गेली, कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी एकदम विचारलं, "या गावात पूजा कोण करत नाही?"

गर्दीतून कुणीतरी उत्साहाने ओरडलं, "बुद्धवाडीत न्हाय करत!"

"चला!" माईणकर निघाले. पुढे पांढरे बूट, मागे गाव, सगळ्यांच्या मागे सुंदरा, आणि तिला कळत होतं की आता जाणार कुठे. बुद्धवाडीत दार एकच होतं.

त्या दारासमोर येसूबाई पाय पसरून तांदूळ निवडत बसली होती. तिने आपली खोली रिकामी केलेली नव्हती. पोरीच्या कागदांना हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता. आणि कोंबडीला तर ब्रह्मदेव आला तरी हलवता येत नव्हतं. टोपली या वेळेला उचलली की अंडी वाया. साहेब थेट अंगावर आलेले बघून येसूबाई सूप घेऊन उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आत मानूस हाय."

माईणकरांना आनंदच झाला. वापरात असलेला संडास! "असू दे, असू दे. थांबतो मी."

थांबले. गाव थांबलं. आतून काही आवाज नाही.

"कोण आहे आत?"

"पावनी हाय आमची."

"वेळ लागेल का त्यांना?"

येसूबाईला आयुष्यात धड खोटं बोलता आलं नाही. तिने मनात हिशेब केला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "दोन दिस तरी लागतील."

कर्णिकबाईंना ठसका लागला. माईणकर दाराकडे, येसूबाईकडे, पुन्हा दाराकडे बघायला लागले. आणि आतून पावणी गुरगुरली.

सुंदरा पुढे आली. गावाला तिने खोटं पाडलं नसतं, पण हे दार तिचं होतं. तिच्या प्रबंधातून तिनेच वगळलेलं. "आये, बाजूला हो," ती म्हणाली.

"आगं सुंदरे, आंडी..."

"टोपलीला कोन हात लावत न्हाय. हो बाजूला."

तिने दार उघडलं. भांड्यावर फळी, फळीवर पाट, खिळ्याला कंदील, भिंतीलगत पुस्तकांची चळत. कोपऱ्यात टोपलीत ठिपक्यांची कोंबडी, पिसं फुलवून, डोळा वटारून. आणि पाटावर उघडा पडलेला, पानोपानी पेन्सिलीने रेघा मारलेला, माईणकरांच्याच समितीचा अहवाल.

"ही माझी अभ्यासाची खोली, सर," सुंदरा म्हणाली. "आतून कडी लागणारी घरात ही एकच आहे. दार फार चांगलं दिलंत तुम्ही."

माईणकर वाकून बघायला गेले. फळी उचलली. खाली बोट घालून बघितलं आणि बोटाला मुरूम लागला. तेवढ्यात कोंबडीने त्यांच्या मनगटाला चोच मारली. तिला समितीची भीड असायचं कारण नव्हतं.

कुणी हसलं नाही. बुधाजी टोपी काढून डोकं खाजवत होता. मग तो पुढे झाला, येसूबाईच्या दारातलं टमरेल उचललं, पिंपात बुडवून भरलं आणि माईणकरांच्या हातात दिलं.

"चला सायेब, वढ्याला. मी बी येतो. एकट्याला करमत न्हाय तितं."

आणि माईणकर गेले. पांढरे बूट, हातात टमरेल, शेजारी सरपंच. ओढ्याला पुरुषांची वरची बाजू, बायकांची खालची; तिथल्या गप्पांना पारावरच्या गप्पांपेक्षा धार जास्त असते, कारण तिथे कुणी मोठेपणाने बसू शकत नाही. कामापुरतं म्हणून गेलेली ही जोडी बराच वेळ आलीच नाही. येसूबाईने तांदूळ निवडून संपवले. कर्णिकबाई पाटावर बसून सुंदराच्या पुस्तकांवर हात फिरवत म्हणाल्या, "कर्म माझं! एवढं सुंदर अक्षर, आणि इथे?" मग हसायला लागल्या त्या थांबेचनात. कोंबडी चिडली.

परत आले तेव्हा माईणकरांच्या अंगाला विडीचा वास येत होता. कुणाशी काही न बोलता ते बैलगाडीत बसले.

तोंडी परीक्षेला सुंदरा मुंबईला गेली ती नापास व्हायच्या तयारीने. टेबलापलीकडे माईणकर, कर्णिकबाई आणि आणखी एक पेंगणारे गृहस्थ. माईणकरांनी प्रबंध उघडला, तक्त्यावर बोट ठेवलं.

"हा तक्ता अपुरा आहे. एक घर गाळलंय."

"हो सर."

"का?"

"लाज वाटली म्हणून."

पेंगणारे गृहस्थ जागे झाले. माईणकर जराही हसले नाहीत. "लोकांच्या घरातल्या गोवऱ्या लिहिताना नाही वाटली?"

सुंदराने तक्ता आपल्याकडे ओढून घेतला.

"ती ओळ घाला," माईणकर म्हणाले. "उपयोग: अभ्यास आणि रवण. त्याशिवाय मी सही करणार नाही." मग चष्म्यावरून बघत, "पिल्लं निघाली का?"

"निघाली सर. एक अंडं तेवढं गंदं निघालं."

"चांगलंच की. आमच्या समितीपेक्षा बरं."

सही झाली. सुंदरा सोनावळे एम.ए. झाली. बोरघोळला पेढे वाटले ते बुधाजीने. "आमी सायेबाला खूश केला म्हनून पोर पास झाली," हे तो शेवटपर्यंत येईल त्याला सांगत राहिला आणि सुंदराने त्याला कधीही अडवलं नाही. त्याने साहेबाला खरंच खूश केलं होतं की, फक्त ओढ्यावर.

पुढे तालुक्यात कॉलेज निघालं, सुंदरा तिथे शिकवायला लागली. आणखी काही वर्षांनी बोरघोळला नळ आला, दारोदार. ज्या दिवशी नळाला पाणी आलं त्याच दिवशी येसूबाईने पोपटला फावडं हातात देऊन खड्डा खणायला लावलं. कुणी योजना आणली नाही, कुणी दार मोजलं नाही.

त्या पंधरवड्यात केव्हातरी सुंदरा तपासायच्या पेपरांचा गठ्ठा काखेत मारून, कंदील घेऊन सवयीने त्या दाराशी गेली. दार बंद. तिने कडी वाजवली.

"कोन हाय?" आतून येसूबाईचा आवाज आला.

"मी, आये. पेपर तपासायचे हायत."

"जा तिकडं पडवीत बस," येसूबाई आतून म्हणाली, आणि आवाजात असा काही तोरा की सुंदरा गठ्ठा घेऊन मुकाट्याने मागे फिरली. "आत मानूस हाय."